कौटुंबिक फाउंडेशनचं अनुदान: नागपुरातल्या छोट्या संस्थेने घ्यावं का?

घ्यावं, आणि जमलं तर सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक निधीच्या आधी घ्यावं. कौटुंबिक फाउंडेशन म्हणजे एखाद्या कुटुंबाने स्वतःच्या पैशातून काढलेला न्यास. गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के मोठ्या कंपनीला कायद्यानेच खर्चावे लागतात, त्यामुळे तिचं लक्ष वर्षाअखेरच्या आकड्यावर असतं. घरच्या पैशाला एवढी घाई नसते. नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू करणाऱ्या जमशेटजी टाटांनी १८९२ साली परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती काढली, ती आजही मिळते. पिढ्यान् पिढ्या एकच काम धरून ठेवणं हे कुटुंबाच्या पैशाला जमतं. संस्थेच्या दृष्टीने सांगायचं तर चांगलं फाउंडेशन शिक्षिकेचा पगारही देतं आणि तीन वर्षं सोबत राहतं.

अर्ज सहसा अडतो तो शेड्यूल वनच्या उताऱ्यावर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीवर. १२ए आणि ८०जी या आयकर सवलतीच्या नोंदण्या, तीन वर्षांचं ऑडिट हे बहुतेकांकडे असतं. पण विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करायचा असतो, तो राहून जातो. उताऱ्यावर वारलेल्या विश्वस्ताचं नाव तसंच, आणि बँकेत सही भलत्याचीच. दोन्ही कागद शेजारी ठेवले की पडताळणी करणारा तिथेच थांबतो. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून चेंज रिपोर्ट आधी भरा आणि दाखल केल्याची पोच अर्जाला जोडा.

फेब्रुवारीत अर्ज करू नका. फाउंडेशनलाही उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम ३१ मार्चपर्यंत कामाला लावायची असते, तेव्हा उरलेले पैसे ओळखीच्या संस्थांकडेच जातात. ऑगस्ट-सप्टेंबर बरा. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून एका न्यासाने दुसऱ्याला १०० रुपये दिले तर देणाऱ्याच्या हिशेबात ८५च खर्च म्हणून धरले जातात, आणि कॉर्पसला, म्हणजे कायम ठेवीच्या निधीला दिलेले तर त्याआधीपासूनच धरत नाहीत. तेव्हा कॉर्पस मागू नका. पैसा परदेशातून आलेला नाही ना, हेही विचारून घ्या. २०२० च्या दुरुस्तीनंतर तसा निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही.

खरा घोळ अंदाजपत्रकात होतो. समजा, वस्तीतली एक अभ्यासिका आहे. दोन शिक्षिका, प्रत्येकी १२,०००, म्हणजे वर्षाचे २,८८,०००. भाडं ७२,०००, पुस्तकं ४०,०००, ऑडिट १५,०००. बहुतेक अर्ज इथेच संपतात. कूलर कुणी लिहीतच नाही! नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी चार वाजता एकही मूल टिकत नाही, आणि मग अहवालात हजेरी कोसळलेली दिसते. दोन कूलरचे १८,००० आणि विजेचे ३०,००० धरा. एकूण ४,६३,०००. हे आकडे मागायला लाजू नये. संस्था स्वतःचा खर्च लपवते आणि मग शिक्षिकेचा पगार थकतो, हे फार वाईट आहे.

हप्ते हा अनुदानाचा सगळ्यात कच्चा भाग. ४०-४०-२० टक्के अशी विभागणी असेल तर शेवटचे ९२,६०० रुपये उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा सीएचा दाखला, दिल्यावरच येतात. म्हणजे जवळपास अडीच महिन्यांचा खर्च संस्थेने पदरचा करायचा, आणि त्यात सीए सप्टेंबरात ऑडिटमध्ये बुडालेला. करारावर सही करण्याआधीच ५०-४०-१० मागा. मग ४६,३००च अडकतात. विचारलं तर बऱ्याचदा मान्य करतात.

बिलं पहिल्या दिवसापासून संस्थेच्या नावाने घ्या, शिक्षिकेच्या नाही. इतवारीच्या बाजारात कच्च्या चिठ्ठीवर माल स्वस्त पडतो, पण ती चिठ्ठी उपयोगिता प्रमाणपत्रात चालत नाही. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख देऊ नका, तो खर्च आयकरात धरला जात नाही. अनुदानाचं खातं वेगळं नसेल तर निदान टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळं लेजर ठेवा. नाहीतर मार्चमध्ये कोणता कूलर कुणाच्या पैशाचा, हे शोधत बसावं लागतं.

पहिल्या वर्षाचा अहवाल दोन पानांचा पुरे. त्यात किती मुलं आली याबरोबर किती सुटली आणि का, हेही लिहा. पुढच्या वर्षाची बोलणी त्याच परिच्छेदावरून सुरू होतात.