एडीएचडी असलेलं मूल आणि दहावी: शाळेतच ठेवायचं की घरी शिकवायचं?

आमच्या मुलाला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकवणं आणि एका जागी बसणं त्याला जड जातं. आठवीच्या शेवटी त्याची डायरी शेऱ्यांनी भरली होती. वही आणली नाही, बाकावरून उठला, गृहपाठ दाखवला नाही. गृहपाठ त्याने केलेला असायचा. तो दप्तरातच राहायचा, बाईंच्या टेबलापर्यंत पोचायचा नाही. त्या उन्हाळ्यात आम्ही त्याला शाळेतून काढलं. तुम्ही आज याच विचारात असाल, तर दोन्हीकडचं सांगते.

शाळेची खरी किंमत मला ती सुटल्यावर कळली. घंटा, तास, मधली सुट्टी, परीक्षेची तारीख. या मुलांना वेळेचा अंदाज आतून येत नाही, तो बाहेरून कुणीतरी द्यावा लागतो. शाळा तो रोज देत असते. घरी पहिले दोन महिने तो अकराला उठायचा, मी ऑफिसच्या कॉलवर, आणि संध्याकाळी आमची भांडणं. शेवटी घडी बसली ती अशी: फळ्यावर दिवसाची चारच कामं, प्रत्येकाला पंचवीस मिनिटांचा गजर, आणि तेवढा वेळ मी माझं काम घेऊन त्याच्या शेजारी. शिकवायचं नाही, नुसतं बसायचं. एवढ्यानेही त्याचं काम पुढे सरकायचं. पण असं बसणारं माणूस रोज घरात लागतं. दोघंही सकाळी आठला बाहेर पडत असाल आणि आजी-आजोबाही जवळ नसतील, तर मी शाळा सोडा म्हणणार नाही.

घराने काय दिलं? पोटदुखी थांबली. रविवारी रात्री तो रडायचा, ते थांबलं. 'हुशार आहे पण मन लावत नाही' हे वाक्य सात वर्षं ऐकलेल्या मुलासाठी ही छोटी गोष्ट नाही. मित्र मात्र कमी झाले. संध्याकाळचं फुटबॉल होतं म्हणून निभावलं.

शाळा सोडण्याआधी एक तपासणी करून घ्याच. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एडीएचडी वेगळा दिलेला नाही. अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणितात येणारी खास अडचण, मात्र आहे, आणि पुष्कळ मुलांत ही दोन्ही एकत्र असतात. मुंबईत सायनसारख्या सार्वजनिक रुग्णालयातून अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळालं, तर बोर्डाच्या पेपरला जादा वेळ आणि गरजेप्रमाणे उत्तरं लिहून देणारा लेखनिक मिळू शकतो. तेवढ्यावर एखाद्या मुलाचं शाळेतच निभतं.

घरूनच दहावी करायची, तर दोन वाटा. १७ नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचा, फॉर्म भरून राज्य मंडळाची परीक्षा: पुस्तकं ओळखीची, क्लास कुठेही मिळतात, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळे विषय एका दमात. एडीएचडीच्या मुलाला नेमकं हेच जड जातं. दुसरी वाट एनआयओएस, म्हणजे केंद्राचं मुक्त विद्यालय मंडळ. तिथे किमान पाच विषय लागतात, परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास. नोंदणी पाच वर्षं चालते आणि विषय सुटेसुटे देता येतात. मराठी माध्यमही आहे. आम्ही एका वेळी दोनच विषय दिले, आणि माझ्या मते अशा मुलासाठी ही वाट कितीतरी बरी. गणित तिथे सक्तीचं नाही. पण इंजिनिअरिंगचा विचार मनात असेल तर ते सोडू नका.

एडीएचडीची गोळी चालू असेल, तर 'आता घरीच आहे' म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नका. ते डॉक्टरांशी बोलून ठरवा.

आणि दाखला काढायची घाई नको, परत प्रवेश मिळवताना फार धावपळ होते. आधी मे महिन्याच्या सुट्टीत चार आठवडे घरचं वेळापत्रक चालवून पाहा. फळ्यावरची कामं त्यालाच लिहू द्या. चौथ्या आठवड्यातही तुम्ही दोघं एकमेकांशी नीट बोलत असाल, तर शाळेत दाखल्यासाठी अर्ज द्या.