शेव्हर्ले ट्रकचा मॅनिफोल्ड: हीट रायझरचा किट बसवून काही महिने वापरल्यावर

1954 पर्यंत शिवडीच्या कारखान्यात जोडलेले शेव्हर्ले ट्रक अजून काही जणांकडे आहेत. त्यातल्या 216 घन इंचाच्या सहा सिलिंडर इंजिनाला इनटेक (हवा-पेट्रोल आत नेणारा) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर नेणारा) मॅनिफोल्ड, म्हणजे बिडाचे फाटे असलेले नळ, एकाच बाजूला, एकमेकांना बोल्टने जोडलेले. मधल्या सांध्यात हीट रायझरची झडप असते. गार इंजिनात ती धूर वर वळवून कार्बोरेटरखालचा भाग तापवते, आणि इंजिन गरम झालं की स्प्रिंग सैल पडून धूर सरळ खाली सोडते. झिजतं ते नेमकं इथेच. झडपेचा शाफ्ट बारीक होतो, बिडातलं त्याचं भोक अंडाकृती होतं, झडप खडखडते किंवा अर्ध्यात अडकते. बंद अडकली तर उन्हाळ्यात घाट चढताना पेट्रोलची वाफ होऊन गाडी थांबणारच.

किटमध्ये स्टेनलेसचा शाफ्ट, दोन बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळ्या), स्प्रिंग आणि वजन मिळालं. शाफ्ट चांगला, पण फिटिंग फार घट्ट. स्टेनलेस बिडापेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे गार असताना हाताला छान बसलेला शाफ्ट गरम झाला की धरतो. रीमर (भोक मोठं करायचं हत्यार) मारून 0.15 ते 0.20 मिमी ढिलाई ठेवली, तेव्हापासून अडकलेला नाही. जुनी झडप कापण्याआधी वजनाचा कोन बिडावर खुणेने कोरून ठेवा. नवीन शाफ्टवर 309 रॉडने (स्टेनलेस वेल्डिंगच्या) टाके घालताना तीच खूण उपयोगी पडते. स्प्रिंग उलटी बसली तर सगळं काम उलटं होतं.

फेस मारण्यात, म्हणजे हेडला टेकणारी बाजू सपाट घासण्यात, मात्र बहुतेक जण चुकतात. दोन्ही मॅनिफोल्ड वेगवेगळे घासून आणले की एक अर्धा मिमी जास्त खाली जातो. मग दोघांवर मिळून बसणारे क्लॅम्प तिरके होतात, आणि गॅस्केट कितीही महाग घ्या, फटफट आवाज येतोच. जोडून एकत्रच फेस मारायला सांगा. सरळपट्टीखाली 0.25 मिमीचा फिलर (फट मोजायची पातळ पट्टी) शिरत असेल तर गॅस्केटच्या भरवशावर राहू नका.

बसवताना दोन मॅनिफोल्ड एकमेकांना धरणारे जोडबोल्ट आधी हातानेच लावायचे. इनटेकच्या तिन्ही पोर्टांतल्या रिंगा जागेवर आहेत ना, ते बघायचं. जुन्या गाड्यांत त्या बऱ्याचदा गायब असतात. मग हेडवरचे बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने आवळायचे: मधले 25 ते 30 फूट-पाउंड, टोकाचे 15 ते 20. जोडबोल्ट सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की टोकाचा कान तडकतो, कारण तापल्यावर लांबायला जागाच उरत नाही. टोकाला जास्त ताकद लावणं म्हणजे तडा विकत घेणं. पूर्ण गरम होऊन गार झाल्यावर एकदा परत टॉर्क (आवळण्याचा जोर) बघा. माझ्याकडे मधले दोन थोडे सैल निघाले.

एक्झॉस्ट पोर्टजवळ तडा असेल तर पितळी ब्रेझिंग करू नका, लोड घेताना ते मऊ पडतं. निकेल रॉडने इंचभराचे टाके, आधी सगळं बीड तापवून, नंतर चुन्यात गार. तरीही जळलेलं बीड पुन्हा तडकू शकतं. चांगला जुना मॅनिफोल्ड मिळाला तर तो घ्या. एक्झॉस्ट पाइपच्या फ्लँजला (जोडाच्या कडेला) पितळी नटच लावा, पुढच्या वेळी स्टड तुटत नाहीत.

आता गार इंजिनाची टिकटिक गेली, आयडलिंग स्थिर आहे. तरी कोकणात किंवा मुंबईतच, म्हणजे फार थंडी नसलेल्या भागात, गाडी फिरणार असेल तर नवा किट घेण्यापेक्षा झडप उघडी पक्की करून भोकं बुजवली तरी चालतं. सकाळी दोन मिनिटं जास्त चोक लागेल, एवढंच. झडप ठेवलीच तर शाफ्टला इंजिन ऑइल घालू नका, ते जळून कोळसा होतं. इंजिन गार असताना कोरडं ग्रॅफाइट, दर ऑइल बदलाला. पावसाळ्यात स्प्रिंगवर गंज धरला होता, पितळी ब्रशने तो निघाला.