नऊ महिने मनगटावर: सिको 6309 आणि चाळीस वर्षांची रबरी रिंग

मे महिन्यात खानापूर तालुक्यातल्या एका घरातून मी जुनं सिको 6309-7040 घेतलं, जपानी डायव्हर घड्याळ, म्हणजे पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठी बनवलेलं. 14,000 रुपये दिले. घरातले काका ऐंशीच्या दशकात आखातात नोकरीला होते, तिथूनच त्यांनी ते आणलेलं. ते गेल्यावर घड्याळ ट्रंकेत पडून होतं. मुलाशी व्यवहार ठरला, तेवढ्यात आतून काकू आल्या. "चालतंय काय ते? ह्यांच्यामागं कुणी हात लावला न्हवता बघ." मी चार वेळा हलवलं आणि सेकंद काटा पळायला लागला. काकूंनी एकदा बघितलं आणि चहा ठेवायला आत गेल्या.

आता फेब्रुवारी संपत आलाय. मधला अख्खा पावसाळा, गणपती आणि कारखान्याची रोजची धूळ त्या घड्याळानं माझ्या हातावर काढली. कपाटात मऊ कापडात गुंडाळून ठेवणाऱ्यांचे अनुभव भरपूर वाचायला मिळतात. हा रोज वापरणाऱ्याचा आहे.

आधी माझ्याबद्दल एक गोष्ट सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. बेळगावच्या उद्यमबागेत आमचं हायड्रॉलिक सिलिंडरचं छोटं वर्कशॉप आहे. माझा दिवस ओ-रिंग (गळती थांबवणारी गोल रबरी रिंग), वायपर सील आणि गळतीच्या तक्रारी यांच्यात जातो. त्यामुळे कुठलंही 'वॉटर रेझिस्ट' घड्याळ हातात आलं की लोक डायल बघतात, मी झाकण बघतो.

याआधी एकदा फसलो होतो, तेही डायलच्याच नादानं. ऑनलाइन एक केशरी डायलचं 'व्हिंटेज डायव्हर' बघितलं. चकचकीत, काटे पांढरेशुभ्र, केसवर, म्हणजे बाहेरच्या धातूच्या डब्यावर, ओरखडा नाही. हातात आलं तेव्हा कळलं की डायल नवा रंगवलेला, काटे बाहेरचे आणि केस बफवर इतकी घासलेली की कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या. मागचं झाकण उघडलं तर रिंग बसते त्या खाचेत गंजाचे खड्डे. अशा खाचेत जगातली कुठलीही रिंग घाला, पाणी वाट काढणारच. ते घड्याळ आता भाच्याकडे खेळायला आहे.

म्हणून 6309 घेताना मी उलटा गेलो. आधी झाकण काढलं. काकांचा घाम आणि साबण मिळून खाचेत काळा चिकट थर होता. लाकडी काडीनं खरवडला तर खाली स्टील गुळगुळीत निघालं. पैसे तिथेच ठरले. डायल पिवळट पडलाय, बेझलवरचा, म्हणजे काचेभोवतीच्या फिरत्या कडीवरचा, काळा रंग दोन ठिकाणी उडालाय, काचेवर सहाच्या बाजूला टवका आहे. राहू दे. ज्या घड्याळावर चाळीस वर्षांचा मळ जागच्या जागी आहे, त्याच्या आत कुणी उचकापाचक केलेली नसण्याची शक्यता जास्त.

आता घड्याळाची ओळख. 6309 ही मालिका 1976 ते 1988 निघत होती. उशीसारखी फुगीर केस, म्हणून जगभर त्याला कासव म्हणतात. रुंदी जवळपास 45 मिलिमीटर, पण पट्टा अडकवायची टोकं आखूड, त्यामुळे माझ्या काडीसारख्या मनगटावरही ते बाहेर लोंबत नाही. चावी तीनऐवजी चारच्या जागी, आट्यांची, म्हणजे पिळून बंद करायची. पट्टा 22 मिलिमीटरचा. आत 17 ज्वेलचं (चाकांची झीज वाचवणारे बारीक खडे) ऑटोमॅटिक मशीन, तासाला 21,600 ठोके. चावी फिरवून त्याची स्प्रिंग भरता येत नाही, हलवावंच लागतं. सेकंद काटा थांबवून वेळ जुळवायची सोयही नाही. रेडिओच्या ठोक्याला सेकंद लावणाऱ्या माणसाला हे मशीन वेडं करेल.

मागच्या झाकणावर लाटेचं चित्र आणि एक क्रमांक असतो. त्यातला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक आणि दुसरी खूण महिन्याची: 1 ते 9 आकडे, ऑक्टोबरला शून्य किंवा ओ, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. माझ्यावर '3एन' आहे. ही मालिका 1976 ला सुरू झाली आणि 1988 ला संपली, म्हणजे 1973 किंवा 1993 शक्य नाही. नोव्हेंबर 1983. विकणारा '1979 चं आहे' म्हणत असेल आणि क्रमांक 5 नं सुरू होत असेल, तर एक तर तो चुकतोय किंवा झाकण दुसऱ्या घड्याळाचं आहे. आधी हे तपासा, भाव नंतर करा.

घेतल्यावर गणपत गल्लीच्या बाजूला जे घड्याळवाले काका बसतात त्यांच्याकडे दिलं. पूर्ण उघडून धुणं, ऑइलिंग, मागची रिंग, काचेची रिंग आणि चावीतली बारीक रिंग, सगळं मिळून 1,800 रुपये. जुनी मागची रिंग त्यांनी चिमट्यात धरून दाखवली आणि वाकवली तशी ती बिस्किटासारखी तुटली. आमच्या धंद्यात हे रोजचं दुःख आहे. नायट्रिल रबर वर्षानुवर्षं दाबून ठेवलं की ते कडक होतं, दाबलेल्या आकारातच राहतं आणि परत फुगत नाही. डायलवरचे 150 मीटर म्हणजे पाण्याचा साधारण 15 बार दाब. आमचे सिलिंडर 200 बारवर सहज चालतात, 15 बार म्हणजे आम्हाला काहीच नाही. पण मेलेली रिंग नळाच्या धारेलाही पुरत नाही. त्यामुळे जुन्या डायव्हरवर लिहिलेली खोली ही तेव्हाची. आजची खोली तुमच्या रिंगवर लिहिलेली असते.

रिंगा नव्या, सिलिकॉन ग्रीस लावलेलं, आणि तरीही जुलैत माझी फजिती झाली.

दोष पूर्ण माझा. जून तीस दिवसांचा. हे घड्याळ प्रत्येक महिना एकतीसचाच समजतं, त्यामुळे एक जुलैला ते 31 दाखवत होतं. सकाळी चहा पिता पिता चावी उघडली, तारीख पुढे केली, आणि चावी आत ढकलून सोडून दिली. पिळलीच नाही. दुपारी मोटरसायकलवरून कणकुंबीला गेलो. जांबोटीच्या पुढे पाऊस कसा असतो ते इकडच्या माणसाला सांगायला नको, रेनकोटाच्या आत बनियनसुद्धा भिजतो. संध्याकाळी काचेखाली चारच्या बाजूला नखाएवढा धुक्याचा डाग.

घड्याळवाल्या काकांनी बघितलं आणि मान हलवली. "काय ओ, नदीत घातला काय?"

"नाही ओ काका, पाऊस फक्त."

"पाऊस न्हवं. चावी पिळलीच न्हवती की." त्यांनी भिंगातून वरही न बघता सांगितलं. "झाकण काढून ठेवतो रातभर. आणि ओला डबा मला परत आणायचा नाही हं."

रात्रीतून वाळलं, गंज धरला नाही. पण तेव्हापासून नियम: तारीख बदलायची ती खुर्चीत बसून, चावी पिळून झाल्यावरच उठायचं. वर्षातून पाचदा हे करावं लागतं, आणि ते पाच दिवसच धोक्याचे. दुसरा नियम, रात्री नऊ ते पहाटे तीनपर्यंत वार-तारीख चावीनं बदलायची नाही. तेव्हा आतली चाकं स्वतःच तारीख ढकलायच्या तयारीत असतात, मध्ये जबरदस्ती केली तर दात जातात.

दाबाची चाचणी करणारं यंत्र मला बेळगावात मिळालं नाही. ऑगस्टमध्ये कामानिमित्त पुण्याला गेलो तेव्हा एका दुकानात हवेच्या दाबावर कोरडी चाचणी करून घेतली. 5 बारला पास झालं. पुढे चढवू का, असं त्यानं विचारलं, मी नको म्हटलं. डायव्हर घड्याळांसाठी आयएसओ 6425 हा मानदंड 1982 मध्ये आला. त्यात लिहिलेल्या खोलीपेक्षा 25 टक्के जादा दाबावर घड्याळ टिकावं लागतं. नव्या घड्याळाला ते ठीक. चाळिशी ओलांडलेल्या काचेवर मी तो प्रयोग करणार नाही. विहिरीत उडी मारताना ते काढून ठेवतो. हात धुणं, पाऊस, भांडी, एवढं चालतं.

वाराची गंमत सांगायची राहिली. आखातातलं असल्यामुळे वाराच्या चकतीवर इंग्रजी आणि अरबी दोन्ही आहेत. मी इंग्रजी लावलंय. गणपती विसर्जनाच्या रात्री कपिलेश्वर तलावाकडे मिरवणुकीत होतो, सव्वाच्या सुमारास मोबाइलच्या उजेडात घड्याळ बघितलं तर वार अरबीत! वाटलं, बिघडलं. मग कळलं की मध्यरात्रीनंतर चकती आधी मधल्या भाषेवर येते आणि दोन-तीन तासांनी पुढच्या इंग्रजी वारावर सरकते. झोपणाऱ्या माणसाला हे कधी दिसतच नाही. आखातातल्या त्या काकांना मात्र रात्रपाळीत रोज दिसलं असणार.

वेळेचं म्हणाल तर रोज साधारण 18 सेकंद पुढे जातं. आठवड्यातून एकदा दोन मिनिटं मागे करतो. त्यासाठीही चावी उघडावी लागतेच, म्हणून हल्ली तेही टाळतो आणि मनातल्या मनात वजा करतो. बायको म्हणते, त्यापेक्षा मोबाइल बघ. बरोबर आहे तिचं.

खटकणाऱ्या गोष्टी दोन. एक, बेझल दोन्हीकडे फिरतं. खऱ्या पाणबुड्याला ते एकाच बाजूला फिरणारं हवं, म्हणजे चुकून धक्का लागला तरी पाण्यातला वेळ जास्तच मोजला जाईल, कमी नाही. मी ते फर्नेसचा वेळ आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला वापरतो, त्यामुळे जीवावर बेतत नाही. दोन, काट्यांवरचा 'रेडियम' मेलाय. आपल्याकडे अंधारात चमकणाऱ्या सगळ्यालाच रेडियम म्हणतात, पण यात खरं रेडियम नाही. खरं रेडियम साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या घड्याळांत असायचं आणि त्याचं अर्धायुष्य 1,600 वर्षांच्या आसपास, म्हणजे चमक गेली तरी किरणं आहेतच. इतकं जुनं घड्याळ घेतलंत तर डायल घरी खरवडू नका. माझ्या सिकोला उजेडात धरलं की दोन मिनिटं हिरवट दिसतं, मग काळोख. नवा रंग भरून देतो, असं घड्याळवाले काका दोनदा म्हणाले. मी दोनदा नको म्हटलं.

कुणी विचारतं, मग शोधायचं काय? ज्यांच्याकडे लाखांनी पैसे आहेत त्यांच्यासाठी 1953 ची ब्लाँपाँ फिफ्टी फॅदम्स आणि त्याच वर्षाची रोलेक्स सबमरिनर आहेतच. फिफ्टी फॅदम्स फ्रेंच नौदलाच्या पाण्याखाली पोहणाऱ्या सैनिकांसाठी घडली, पन्नास फॅदम म्हणजे सुमारे 91 मीटर. वाचायला छान, आपल्या खिशाचं काम नाही. सिकोचीच पहिली डायव्हर 1965 ची 62मास, तीही आता त्याच रांगेत गेली. 6309 चे जपानातले भावंड 6306, 21 ज्वेलचं, त्यात सेकंद काटा थांबतो. पण इकडे ते क्वचित दिसतं. 1988 नंतरचं 7002 स्वस्त आणि प्रामाणिक, फक्त वार नाही. रशियन वोस्तोक अँफिबिया, 1967 पासूनचं, मला सील करणारा म्हणून फार आवडतं: पाण्याचा दाब वाढला की काच आणि झाकण रिंगवर आणखी घट्ट दाबले जातात. सील असावं तर असं.

सिटिझनचं चॅलेंज डायव्हरही बघा. 1983 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर एक सापडलं, वर्षानुवर्षं समुद्रात पडलेलं, अंगावर खडकाला चिकटतात तसले कवचाचे जीव गच्च बसलेले, आणि तरी ते चालत होतं. लाटांनीच त्याला चावी दिली.

आणि एक फसवं नाव: फावर लुबाचं सी चीफ, सी किंग. आपल्या मामा-काकांच्या पिढीत ही लग्नातली घड्याळं, अजून जुन्या घरांत सापडतात. नावात समुद्र आहे म्हणून कुणी 'डायव्हर' म्हणून विकत असेल तर हसून पुढे जा. त्या कंपनीची खरी पाण्यातली घड्याळं वेगळी होती, डीप ब्लू आणि 1968 ची बॅथी, जिच्यात खोली मोजायचं यंत्रच होतं. बॅथी एखाद्या ट्रंकेत सापडली तर मला आधी कळवा, भाव करणार नाही.

वर्कशॉपच्या ड्रॉवरमध्ये, 25 मिलिमीटर रॉडच्या सीलशेजारी, 6309 च्या मागच्या झाकणाच्या दोन नव्या रिंगा पाकिटात ठेवल्यात. मे महिन्यात, पहिला वळीव पडायच्या आधी, जुनी काढायची आणि नवी घालायची. चावी पिळून.