‘काही प्रॉब्लेम नाही ना?’ असं विचारून गाडी घेऊ नका

सेकंडहँड गाडी बघताय? त्यातही पुण्यातल्या सिंहगड रस्ता, एकतानगरी, नदीकाठच्या सोसायट्या इथली असेल, तर टोकन देण्याआधी हे वाचा. आईला दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी आम्ही घेतलेली गाडी पुरात बुडालेली निघाली.

मालक सज्जन दिसणारे, निवृत्त गृहस्थ. मी विचारलं, “काका, गाडीला काही प्रॉब्लेम नाही ना?”

“छे हो ताई, घरची गाडी आहे.”

“पाण्याबिण्यात अडकली नव्हती ना कधी?”

“पावसाळ्यात आम्ही गाडी बाहेरच काढत नाही. पार्किंगमध्येच असते.”

तेवढ्यात एजंट म्हणाला, “मॅडम, कागदपत्रं एकदम क्लिअर आहेत,” आणि विषय आरसी बुकावर गेला.

थोड्याच दिवसांत गाडी चालता चालता बंद पडायला लागली. मेकॅनिकनं ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, तर आतल्या टोकाला वाळलेल्या चिखलाची रेघ. स्टेपनीच्या खळग्यात गाळ, सीटखालच्या पट्ट्यांना गंज, वायरिंगचे कपलर हिरवे पडलेले. काकांना फोन केला. २५ जुलै २०२४ ला, खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर एकतानगरीत पूर आला तेव्हा, गाडी तिथल्याच पार्किंगमध्ये होती. “पार्किंगमध्ये पाणी आलं होतं का, हे तुम्ही विचारलंच कुठे?” असं ते मलाच म्हणाले.

संताप याचा येतो की पावसाळ्यात गाडी पार्किंगमध्येच असते, हे त्यांचं वाक्य शब्दशः खरं होतं. मी पाण्याबद्दल विचारलं होतं. ते पार्किंगबद्दल बोलले. हो नाही, की नाही नाही. तरी ऐकणाऱ्याला वाटतं, उत्तर मिळालं.

ओळखीच्या वकिलांनी भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम १७ दाखवलं. विकणारा नुसता गप्प बसला, तर सहसा ती फसवणूक धरली जात नाही. पण त्याच कलमात घोड्याचं एक उदाहरण आहे: घेणारा म्हणतो, ‘तू नाकारलं नाहीस तर घोडा निकोप आहे असं मी समजेन’, आणि विकणारा गप्प राहतो, तिथे ते गप्प राहणं बोलण्याइतकंच धरलं जातं. म्हणजे घेणाऱ्यानं आधी काय विचारलं, काय बजावलं, याला कायद्यातही किंमत आहे.

‘नाही ना?’ नं संपणारा प्रश्न समोरच्याच्या तोंडात ‘नाही’ घालतो. दोष आहेच असं धरून विचारा. “पार्किंगमध्ये पाणी कुठपर्यंत चढलं होतं?” “आतापर्यंत वायरिंगचं काय काय काम झालं, कुठल्या गॅरेजला?” “विम्याचा शेवटचा क्लेम कशाचा होता?” खरंच पाणी आलं नसेल तर माणूस लगेच सांगतो, आमची सोसायटी उंचावर आहे, या बघायला. लपवणाऱ्याला मात्र आता उघड खोटं बोलावं लागतं, आणि ते अर्धसत्य सांगण्याइतकं सोपं नसतं. प्रश्न विचारला की गप्प बसा. एजंट मध्ये बोललाच, तर त्याचं होऊ द्या आणि तोच प्रश्न मालकांनाच पुन्हा विचारा.

उत्तर कागदाशी ताडून बघा. विम्याच्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, लिहिलेला असतो. क्लेम न घेता वर्षं गेली की तो २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत वाढतो. क्लेम घेतला की सहसा शून्यावर येतो. शून्य दिसला तर कारण विचारा, आणि जुन्या पॉलिसीही मागा.

आणि टोकनआधी मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर हा मेसेज टाका: ‘गाडीत किंवा पार्किंगमध्ये पाणी कधी आणि कुठपर्यंत आलं होतं, त्यानंतर काय काम केलं, क्लेम कोणते घेतले, ते इथे लिहून द्या. पाणी आलंच नसेल तर तसं लिहा. यावर विसंबूनच मी गाडी घेते आहे.’ लिहिण्याऐवजी फोन आला, तर नीट ऐकून घ्या, पण लेखी उत्तर येईपर्यंत एक रुपयाही देऊ नका.