ओबीडी डोंगल आणि ऑस्मअँड: सात महिन्यांनंतर

पुण्याहून कराडला महिन्यातून दोनदा जाणं असतं. गाडी २०१६ ची, सेकंडहँड, पेट्रोल. तिला तापमानाचा काटाच नाही. इंजिन थंड असेल तर निळा दिवा, फार तापलं तर लाल, मधलं काही कळत नाही. म्हणून ब्लूटूथचा ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये खोचायचं, इंजिनचे आकडे फोनला पाठवणारं छोटं यंत्र) घेतला आणि ऑस्मअँड या नकाशाच्या ॲपमधलं गाडीचे आकडे दाखवणारं प्लगिन चालू केलं. ऑफलाइन नकाशाशेजारीच कूलंटचं (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचं) तापमान, आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) आणि वेग दिसतात.

पहिल्या डोंगलचे पैसे पाण्यात गेले. खोक्यावर आतल्या चिपचं नाव ‘ईएलएम ३२७, आवृत्ती १.५’ असं छापलेलं. मूळ चिप बनवणाऱ्या कॅनडातल्या कंपनीने १.५ कधी काढलीच नव्हती, हे मागाहून समजलं! चार मिनिटं चालायचा, मग आकडे जागच्या जागी. दुसराही नक्कलच असणार, पण टिकलाय.

जोडणी सोपी आहे, फक्त आधी चावी ऑन करा. मी ते न करता अर्धा तास ॲपला शिव्या घातल्या. डोंगलचा दिवा लागलेला, कारण सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनला बॅटरीचा करंट कायम असतो. पण गाडीचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) झोपलेला, उत्तर कोण देणार? चावी फिरवून फोनमध्ये पेअर केला (पासकोड १२३४), मग ॲपमध्ये निवडला, झालं. तोच कायमचा करंट पुढे नडला. गणपतीला रेल्वेने गावी गेलो, डोंगल गाडीतच. बारा दिवसांनी सेल्फ मारला तर नुसती टकटक. शेजाऱ्यांनी धक्का मारला.

पैसे वसूल झाले ते खंबाटकी घाटात. ट्रकमागे एसी लावून चढलो तरी तापमानाचा आकडा ९८ पर्यंत जायचा, पंखा लागला की उतरायचा. एका शनिवारी तो १०६ वर गेला आणि उतरेचना. एसी बंद करून वर थांबलो. गाडी पूर्ण गार झाल्यावर झाकण उघडलं, तर कूलंट बराच खाली. कराडच्या मेकॅनिकने रेडिएटरचं झाकण बदललं. लाल दिवा तोवर लागलाच नव्हता.

येताना बोगद्यात जीपीएस जातो आणि नकाशावरचा बाण भरकटतो. वेगाचा आकडा मात्र गाडीकडूनच येतो, तो चालू राहतो. मीटर ८० दाखवतं तेव्हा जीपीएस ७५ म्हणतो, त्याची आता सवय झालीय. डोंगलकडून येणारे आकडे मात्र सेकंदभर मागे असतात.

आयफोन असेल तर हा साधा ब्लूटूथवाला घेऊ नका, चालणार नाही. बीएलईवाला (कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथचा) बघा.