मुंबई–लंडन: दहा महिने, सहा प्रवास

लेकीच्या बाळंतपणाच्या निमित्ताने गेल्या दहा महिन्यांत मी तीनदा लंडनला जाऊन आले. पहिलं तिकीट काढताना मनात "दहा तास" एवढंच होतं. आता कुणी विचारलं, तर पुण्याहून जाणाऱ्याला मी १९ तास सांगते.

कोथरूडहून संध्याकाळी साडेसातला गाडी निघाली, घाटात थोडी अडकली, साडेअकराला विमानतळ. विमान रात्री अडीचचं. हीथ्रोला उतरलो तेव्हा तिथे सकाळचे सात वाजले होते, आपल्याकडे दुपारचे साडेबारा. मग इमिग्रेशनची रांग, बॅगा, आणि स्लाउला लेकीच्या दारात उभी राहिले तेव्हा माझ्या घड्याळात, जे मी मुद्दाम पुण्याच्याच वेळेवर ठेवलं होतं, अडीच झाले होते.

सरळ अंतर ७,२०० किलोमीटरच्या आसपास. ते तेवढंच राहतं, वेळ मात्र दर खेपेला वेगळी. जाताना समोरच्या पडद्यावर वेग ताशी ८०० च्या आगेमागे दिसायचा. जानेवारीत परतताना तोच आकडा १,०४० वर गेला आणि साडेआठ तासांत मुंबई आली. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, हिवाळ्यात जास्तच. जाताना ते तोंडावर येतात, येताना पाठीशी असतात. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हापासून मार्गही बदलले. म्हणून तिकिटावरचं भाडं बघण्याआधी त्या विमानाचा एकूण वेळ बघा.

दुसऱ्या खेपेला दुबईमार्गे गेले. दुबई जवळजवळ वाटेतच आहे, अंतर जेमतेम दोन-अडीचशे किलोमीटरने वाढतं. वेळ खातो तो मधला मुक्काम. माझा चार तासांचा होता. तरी गुडघे दुखणाऱ्यांना मी हाच मार्ग सुचवीन. मध्ये चालायला मिळालं, पायावरची सूज कमी वाटली. थेट विमानात मी दर दोन तासांनी उठून मागच्या पॅन्ट्रीपर्यंत फेरी मारत असे. एका खेपेला व्हीलचेअर आधी सांगूनही आली नाही, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून पुन्हा खात्री करून घ्या.

वेळेचा फरकही लक्षात ठेवा: हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं बदलतात. त्या दिवसांतलं तिकीट असेल तर गाडीवाल्याला वेळ सांगण्याआधी दोनदा मोजा.

आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी मी तिन्ही वेळा हातातल्या बॅगेतच नेली. विमानातल्या थंडीत मी पांघरली, तिथे पोचल्यावर नातवाने.

डिसेंबरात लेक बाळाला घेऊन येणार आहे. लंडनहून रात्री नऊच्या सुमारास निघणारं थेट विमान घ्यायला सांगितलंय. बाळ झोपेत येईल, मुंबईत सकाळी अकराला उतरतील आणि घाट दुपारी, उजेडात पार होईल.