आठ महिने शीटवर हिशेब: काय जमलं, कुठे फसलो

वही सोडून हिशेब स्प्रेडशीटवर आणला तेव्हा वाटलं होतं, डझनभर फॉर्म्युले तरी पाठ करावे लागतील. आठ महिन्यांनी रोज लागतात ते जेमतेम तीन: सम (बेरीज), समइफ (अटीत बसणाऱ्यांचीच बेरीज) आणि राउंड (ठरावीक दशांशांपर्यंत आकडा आटोपणं). बाकी अधिक-वजा. फसलो मात्र भरपूर, आणि दर वेळी शीटने चूक न दाखवता चुकीचं उत्तर ऐटीत दाखवलं.

मांडणी रोजकीर्दीचीच ठेवली. ए ते ई रकान्यांत तारीख, तपशील, जमा, खर्च, शिल्लक. एफमध्ये खर्चाचं खातं. दुसऱ्या ओळीत आरंभीची शिल्लक, तिसरीत =ई२+सी३-डी३, मग सेलचा कोपरा धरून खाली खेचायचं. पहिल्यांदा शंभर ओळींची शिल्लक एका झटक्यात आली तेव्हा मी उगाचच दोनदा खेचून पाहिलं.

तिसऱ्या महिन्यात एक राहिलेली नोंद मध्ये ओळ घालून टाकली. खर्च चढला, अखेरची शिल्लक जागची हलली नाही. तासभर डोकं खाजवल्यावर दिसलं: नव्या ओळीखालचा फॉर्म्युला अजून तिच्या वरच्याच ओळीकडे बघत होता, नवी ओळ साखळीबाहेर. तेव्हापासून शिल्लक अशी काढतो: =ई$२+सम(सी$३:सी३)-सम(डी$३:डी३). डॉलरच्या चिन्हामुळे सुरुवातीची ओळ खेचताना सरकत नाही, आणि मध्ये ओळ घातली की खालच्या सगळ्या बेरजा तिला आपोआप पोटात घेतात. नव्या ओळीत फॉर्म्युला तेवढा भरायचा. लांबलचक दिसतं, पण आता बदलणार नाही.

दुसरा दणका बँकेच्या उताऱ्यातून चिकटवलेल्या आकड्यांनी दिला. त्यातले काही आकडे नव्हतेच, मजकूर होते. सम त्यांना गुपचूप वगळतं. असे आकडे सेलमध्ये डावीकडे चिकटतात, खरे उजवीकडे. पण मी हौसेने सगळा रकाना मधोमध केला होता, मग कसं दिसणार! रकमांचे रकाने आता सजवत नाही.

समइफ खातेनिहाय खर्चासाठी झकास. फक्त ‘प्रवास’ आणि मागे एक जागा सुटलेला ‘प्रवास ’ ही त्याच्या लेखी दोन वेगळी खाती. खात्यांची ड्रॉपडाउन यादी लावली आणि ती कटकट संपली.

वर एक ताळ्याचा सेल ठेवलाय: एकूण खर्चातून सगळ्या खात्यांच्या बेरजा वजा. शून्य आलं की ठीक. एकदा फरक शून्य दिसत असूनही बाजूचा इफ (फरक शून्य आहे का ते तपासणारा फॉर्म्युला) ‘चूक’ म्हणत राहिला. दशांशातले काही आकडे संगणक आत नेमके साठवत नाही, सूक्ष्म कचरा उरतो. वजाबाकी राउंडमध्ये घालून दोन दशांशांवर आणली.

गेल्या आठवड्यात ताळा शून्य, तरी बँकेच्या शिलकीशी ९०० चा फरक. ९०० ला ९ ने भाग जातो, म्हणजे लागून असलेले दोन अंक उलटे पडल्याचा संशय घ्यायचा. निघालं तसंच, खर्चात ४५०० च्या जागी ५४००. ही युक्ती वहीच्या जमान्यातली. शीटला तर ती नोंद शेवटपर्यंत बरोबरच वाटत होती.